मोटर यॉटची थरथर: दोष कसा शोधायचा आणि शाफ्टची रेषा कशी जुळवायची

मोटर यॉट थरथरायला लागली की बरेच जण तडक इंजिन रूममध्ये उतरतात, कपलिंगचे (गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन चकत्यांचे) बोल्ट सोडतात आणि माउंटचे (इंजिन ज्यांवर बसतं त्या रबरी आधारांचे) नट फिरवायला घेतात. माझ्या मते हे काम जवळजवळ शेवटी करायचं असतं. रेषा, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट यांची एका सरळ ओळीतली मांडणी, चुकली की थरथर होते हे खरं. पण वाकलेलं पातं, झिजलेलं कटलेस बेअरिंग (प्रोपेलरजवळ शाफ्टला आधार देणारं रबरी बेअरिंग), दबलेलं माउंट किंवा प्रोपेलरला गुंडाळलेली दोरी यांनीही अगदी तशीच थरथर होते. कारण न ओळखता माउंट हलवले तर मूळ दोष जागच्या जागी राहतो आणि आधी बरोबर असलेली रेषाही हातची जाते. त्यानंतर दोन दोष एकमेकांत मिसळलेले असतात, आणि ते वेगळे काढणं फार अवघड होऊन बसतं.

पुढचं सगळं सरळ शाफ्टच्या यॉटसाठी आहे: इंजिन, गिअरबॉक्स, कपलिंग, शाफ्ट, सील (पाणी आत येऊ न देणारा भाग), स्टर्न ट्यूब (शाफ्ट तळातून बाहेर नेणारी नळी), पी-ब्रॅकेट (तळाखाली शाफ्टला धरणारा आधार), प्रोपेलर. स्टर्नड्राइव्ह आणि पॉडची गोष्ट वेगळी.

आधी कागदावर आकडे

प्रत्येक फिरणाऱ्या भागाची स्वतःची एक वारंवारता असते. ती आधी काढून ठेवली तर पुढे अंदाजाला फारशी जागा राहत नाही. समजा, इंजिन २४०० आरपीएमवर आहे आणि गिअरबॉक्सचं रिडक्शन २.५:१ आहे. म्हणजे शाफ्ट ९६० आरपीएमने फिरतो. ६० ने भागलं की १६ हर्ट्झ. इंजिनचे २४०० भागिले ६० म्हणजे ४० हर्ट्झ. प्रोपेलरला चार पाती आणि इंजिन सहा सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक आहे असं धरलं, तर चित्र असं दिसतं:

- १६ हर्ट्झ, शाफ्टची एकपट: वाकलेला शाफ्ट, प्रोपेलरचं असंतुलन, एखाद्या पात्याची पिच (तिरकेपणा) बाकीच्यांपेक्षा वेगळी असणं, शाफ्टला काटकोनात न बसलेली कपलिंग, शाफ्टवरचा सैल झिंक अ‍ॅनोड (गंज रोखणारा जस्ताचा तुकडा).
- ३२ हर्ट्झ, शाफ्टची दुप्पट: रेषेतला दोष असण्याची शक्यता, सोबत बहुधा एकपटही वाढलेली असते.
- ६४ हर्ट्झ, ब्लेड रेट (शाफ्टची एकपट गुणिले पात्यांची संख्या): पाती आणि तळ यांच्यातलं अंतर कमी असणं, पी-ब्रॅकेटमागचा खवळलेला प्रवाह, कॅव्हिटेशन (पात्यांवर बुडबुडे तयार होऊन फुटणं).
- २० हर्ट्झ, इंजिनची अर्धपट: एखादा सिलिंडर नीट काम करत नाही. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणून ही अर्धपट.
- ४० आणि १२० हर्ट्झ: इंजिनची एकपट आणि सहा सिलिंडरची फायरिंग. फायरिंगचा आकडा निरोगी इंजिनातही दिसतोच.

रिडक्शन नेमकं २:१ असेल तर एक अडचण येते. शाफ्टची दुप्पट आणि इंजिनची एकपट हे दोन्ही आकडे एकाच जागी येतात, आणि नुसत्या वारंवारतेवरून दोष शाफ्टचा की इंजिनचा हे सांगता येत नाही. अशा वेळी न्यूट्रलमधली चाचणीच निवाडा करते. गिअरबॉक्सच्या पाटीवर छापलेलं खरं गुणोत्तर वाचा. ज्याला आपण सहज २:१ म्हणतो ते पुष्कळदा त्याच्या जवळपासचं, वेगळं गुणोत्तर निघतं, आणि तेवढा फरक मोजमापात दिसतो.

आणखी एक गोष्ट मनात पक्की ठेवा, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. थरथर नाही म्हणून रेषा बरोबर आहे असं होत नाही. रिजिड, म्हणजे रबर नसलेल्या ताठ कपलिंगचे बोल्ट आवळले की दोन्ही फ्लँज (कपलिंगच्या चकत्या) जबरदस्तीने एकमेकांना चिकटतात. फ्लँजचे चेहरे सपाट असतील तर वाकवलेला शाफ्ट त्या वाकलेल्या अवस्थेतच बऱ्यापैकी गुळगुळीत फिरतो. तो ताण मग थरथरीऐवजी गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर, सीलवर आणि कटलेस बेअरिंगच्या एका बाजूवर निघतो. गिअरबॉक्सचं मागचं ऑइल सील पुन्हा पुन्हा गळत असेल, तर थरथर नसली तरी रेषा मोजा.

पाण्यावरची चाचणी

शांत पाणी आणि भरपूर खोली हवी. उथळ पाण्यात तळाखालचा प्रवाह बदलतो आणि नसलेला दोष दिसायला लागतो. त्याआधी तळ आणि प्रोपेलर स्वच्छ आहेत ना ते बघा. पात्यांवर चिकटलेले शिंपले प्रोपेलरचं संतुलन आणि प्रवाह दोन्ही बिघडवतात, आणि हा दोष खरवडून जातो.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलपासून कमाल आरपीएमपर्यंत २००-२०० च्या टप्प्याने चढा. प्रत्येक टप्प्यावर वेग स्थिर होऊ द्या आणि तीन ठिकाणची थरथर नोंदवा: इंजिनचा पुढचा पाय, गिअरबॉक्सची मागची बाजू, आणि शाफ्टच्या वरची तळाची फळी किंवा सीलजवळचा स्ट्रिंगर (तळाची लांब तुळई). दोन इंजिनं असतील तर एका वेळी एकच चालवा. बंद बाजूचा शाफ्ट पाण्याच्या ओढीने फिरू द्यायचा की बांधून ठेवायचा, हे गिअरबॉक्सच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवा. काही गिअरबॉक्सना इंजिन बंद असताना फिरणं चालत नाही.

मग त्याच आरपीएमवर न्यूट्रलमध्ये पाहा. न्यूट्रलमध्येही तितकीच थरथर असेल तर शाफ्टला दोष देऊ नका. इंजिन, माउंट, नाहीतर फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स यांच्यामधली डॅम्पर प्लेट तपासा. आयडलला खडखडाट आणि वेग वाढवला की शांत, हे थकलेल्या डॅम्पर प्लेटचं नेहमीचं लक्षण. थरथर फक्त गिअर टाकल्यावरच येत असेल तर शोध कपलिंगपासून मागे जातो.

थरथर कशी वाढते याकडेही लक्ष असू द्या. असंतुलनाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: आरपीएम दुप्पट, तर जोर चौपट. त्यामुळे ती थरथर वरच्या वेगाला चढतच जाते. याउलट १४०० ला सुरू होऊन १६०० ला टोकाला पोहोचणारी आणि १८०० ला विरणारी थरथर बहुधा अनुनादाची असते. म्हणजे माउंट, ब्रॅकेट, एक्झॉस्टची नळी किंवा तळाचा एखादा भाग त्या वारंवारतेला साथ देतो आहे. तिथे संतुलन सुधारून थोडा फरक पडेल, पण खरा इलाज त्या भागाला आधार देणं किंवा माउंटचा कडकपणा बदलणं हा आहे.

पूर्ण वळण घेतानाच थरथर वाढली, तर सुकाणू, त्याचं बेअरिंग आणि पी-ब्रॅकेटचं तळाशी असलेलं जोडकाम पाहा. पुढच्या गिअरमधून मागच्यात टाकताना जाड 'ठक्' आवाज आला, तर सैल माउंट, ढिली कपलिंग किंवा प्रोपेलरच्या किल्लीतला (प्रोपेलर शाफ्टवर अडकवणाऱ्या धातूच्या पट्टीतला) खेळ यांचा संशय घ्या.

दोन इंजिनांच्या यॉटवर लाटेसारखी येणारी-जाणारी घरघर ऐकू येते आणि लोक घाबरतात. दोन्ही शाफ्टमध्ये १५ आरपीएमचा फरक असेल आणि चार पाती असतील, तर ब्लेड रेटमध्ये नेमका १ हर्ट्झचा फरक पडतो, आणि दर सेकंदाला एक ठोका जाणवतो. दोन्ही इंजिनं समान आरपीएमवर आणली की ठोका लांबत जातो आणि थांबतो. तसं झालं तर त्या ठोक्यासाठी काही उघडायची गरज नाही.

मोबाइलवर मोजताना

मोबाइलमधलं अ‍ॅक्सेलेरोमीटर पहिल्या तपासणीला चांगलं आहे, पण त्याची मर्यादा ओळखूनच. अ‍ॅप सेकंदाला १०० नमुने घेत असेल तर ५० हर्ट्झपर्यंतचीच माहिती विश्वासाची. त्यावरची कंपनं खाली दुमडून चुकीच्या जागी दिसू शकतात. वरच्या उदाहरणातला ६४ हर्ट्झचा ब्लेड रेट अशा अ‍ॅपमध्ये ३६ हर्ट्झवर उमटू शकतो, आणि ते शाफ्टच्या ३२ हर्ट्झच्या दुपटीच्या इतकं जवळ आहे की प्रोपेलरच्या दोषाला रेषेचा दोष समजून माणूस माउंट फिरवत बसेल. अ‍ॅपची नमुन्याची गती आधी बघा. फोन हातात धरून मोजू नका. धातूच्या सपाट, घट्ट भागावर दुहेरी टेपने चिकटवा, आणि प्रत्येक वेळी तीच जागा, तीच दिशा ठेवा. फोन फिरत्या भागांपासून आणि पट्ट्यांपासून दूर हवा.

व्हायब्रेशन मीटर मिळाला तर कंपनाचा वेग मिमी/सेकंद आरएमएसमध्ये नोंदवा. एकट्या आकड्याला मी फार महत्त्व देत नाही. तीच यॉट, तीच जागा, तेच आरपीएम आणि दुरुस्तीआधी-नंतरचा फरक, यातून जास्त कळतं.

हाताने आणि डोळ्याने

इंजिन बंद, किल्ली खिशात, बॅटरीचा स्विच बंद. यात सवलत नाही.

माउंटचं रबर तेल आणि डिझेलने फुगतं, मऊ होतं आणि दबतं. चारही माउंटची उंची कॅलिपरने मोजा. डाव्या-उजव्या जोडीत ठळक फरक असेल तर रेषा मोजण्याआधी माउंट बदला, कारण दबत चाललेल्या रबरावर जुळवलेली रेषा टिकत नाही. पायांचे बोल्ट आणि खालचा स्ट्रिंगरही तपासा. बोल्ट आवळला आणि तो आवळतच गेला, तर आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं. एक्झॉस्टची ताठ नळी इंजिनाला एका बाजूला ओढत नाही ना, तेही बघा.

यॉट पाण्याबाहेर असेल तर प्रोपेलरजवळ शाफ्ट दोन्ही हातांनी वर-खाली आणि आडवा हलवा. कटलेस बेअरिंगच्या रबराची झीज चहूबाजूंनी सारखी असेल तर ती वयाची झीज. एकाच बाजूला, किंवा पुढच्या टोकाला वर आणि मागच्या टोकाला खाली असेल, तर शाफ्ट त्या बेअरिंगमधून तिरपा जातो आहे: पी-ब्रॅकेट हललंय किंवा इंजिन चुकीच्या जागी आहे. हे बेअरिंग पाण्यानेच वंगणलं जातं, म्हणून यॉट वर असताना इंजिनाने शाफ्ट फिरवू नका. बेअरिंगच्या मागच्या टोकापासून प्रोपेलरच्या हबपर्यंतचं (मधल्या भागापर्यंतचं) अंतर साधारण शाफ्टच्या एका व्यासाइतकंच असावं. जास्त असेल तर लटकणारा भार शाफ्टला झोके देतो. पात्यांची टोकं आणि तळ यांच्यात प्रोपेलरच्या व्यासाच्या किमान १० टक्के, शक्य असेल तर १५ टक्के मोकळी जागा हवी.

शाफ्टचा सरळपणा डायल गेजने कळतो. गेज पक्क्या आधारावर बसवून शाफ्ट हाताने सावकाश फिरवा आणि दोन-तीन जागी वाचन घ्या. सुई एका फेरीत एकदाच वर जाऊन खाली येत असेल आणि मधल्या जागी सर्वांत जास्त हलत असेल, तर शाफ्ट वाकलेला आहे.

प्रोपेलर डोळ्यांना ठीक दिसला तरी एका पात्याची पिच बिघडलेली असू शकते. त्यासाठी तो कार्यशाळेत मोजावा लागतो. आयएसओ ४८४ मध्ये प्रोपेलरच्या अचूकतेचे एस, १, २ आणि ३ असे वर्ग आहेत. एस सर्वांत काटेकोर. प्रोपेलर परत घेताना नुसतं 'बॅलन्स केला' यावर समाधान मानू नका, प्रत्येक पात्याच्या पिचचा तक्ता मागा. वजनाने संतुलित असलेला प्रोपेलर पाण्यात असंतुलित असू शकतो, कारण पाती सारखा जोर लावत नाहीत.

प्रोपेलर बसवताना एक छोटी परीक्षा करा. आधी किल्ली न घालता तो टेपरवर (शाफ्टच्या निमुळत्या टोकावर) घट्ट बसवा आणि हब कुठे येतो तिथे शाफ्टवर खूण करा. मग काढून किल्लीसह बसवा. हब त्याच खुणेपर्यंत यायला हवा. अलीकडेच थांबला, तर किल्ली खाचेत वर चढली आहे आणि प्रोपेलर टेपरवर तिरका बसला आहे. कितीही महागडं संतुलन केलं तरी ही थरथर जाणार नाही.

आता रेषा

हे मोजमाप यॉट पाण्यात असतानाच करायचं. स्टँडवर उभ्या यॉटचा तळ वेगळा आकार घेतो, म्हणून पाण्यात सोडल्यावर २४ ते ४८ तास थांबा. टाक्यांत नेहमीइतकं इंधन आणि पाणी, इंजिन थंड, दोरखंड सैल.

बोल्ट सोडण्याआधी कपलिंगच्या दोन्ही अर्ध्यांवर समोरासमोर पंचने खूण करा, म्हणजे परत जोडताना जागा बदलणार नाही. शाफ्ट मागे सरकू शकतो. त्याला आधी क्लॅम्प लावा. बेलोजचं ड्रिपलेस सील (घडीदार रबरी नळीच्या दाबाने पाणी अडवणारं) असेल तर शाफ्ट सरकल्यावर त्याचा दाब जातो आणि पाणी आत येतं. बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसणारा) चालू आहे याची खात्री हवी.

कपलिंग सुटली की शाफ्टचं पुढचं टोक स्वतःच्या वजनाने खाली झुकतं, आणि तसंच मोजलं तर सगळं चुकतं. कपलिंगचं पूर्ण वजन आणि आधाराशिवाय लटकणाऱ्या शाफ्टचं अर्धं वजन, एवढा भार स्प्रिंग काट्याने वर उचलून धरायचा. ५० मिमी व्यासाचा पोलादी शाफ्ट मीटरला सुमारे १५.४ किलो भरतो. १.२ मीटर लटकत असेल तर १८.५ किलो, त्याचं अर्धं सव्वानऊ. कपलिंग १० किलोची असेल तर काट्यावर साधारण १९ किलो.

आता शाफ्टची अर्धी कपलिंग गिअरबॉक्सच्या फ्लँजकडे न्या. स्पिगट (एका फ्लँजवरचा मधला गोल उंचवटा) समोरच्या फ्लँजच्या खाचेत अलगद जायला हवा. ढकलावं लागलं तर इंजिन वर-खाली किंवा आडवं सरकलेलं आहे. ते आधी सुधारा, फटीचं मोजमाप नंतर. मग चेहरे इतके जवळ आणा की एक जागा जेमतेम टेकेल, आणि फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) घड्याळाच्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागी फट मोजा. रूढ मर्यादा कपलिंगच्या दर इंच व्यासाला एक हजारांश इंच. म्हणजे १२७ मिमीच्या, पाच इंची कपलिंगला सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान फटीत ०.१२७ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही.

इथे थांबून आणखी एक तपासणी करा. ती टाळू नये असं मला कळकळीनं वाटतं. गिअरबॉक्सचा फ्लँज स्थिर ठेवून शाफ्टची अर्धी कपलिंग १८० अंश फिरवा आणि परत मोजा. मोठी फट जागच्या जागी राहिली तर दोष रेषेचा आहे. फट कपलिंगबरोबर फिरून समोरच्या बाजूला गेली, तर कपलिंग शाफ्टला काटकोनात बसलेली नाही किंवा शाफ्ट वाकला आहे. मग माउंट कितीही फिरवा, उपयोग नाही. शाफ्ट आणि कपलिंग एकत्र बसवून लेथवर चेहरा काढून घ्यावा लागतो.

दोष रेषेचाच निघाला तर हिशेब सोपा आहे. वरची फट मोठी असेल तर इंजिनाचं पुढचं टोक उचला. खालची मोठी असेल तर पुढचं टोक खाली घ्या. किती, ते असं काढा: फटीतला फरक भागिले कपलिंगचा व्यास, गुणिले पुढच्या-मागच्या माउंटमधलं अंतर. ०.२० मिमी फरक, १२७ मिमी कपलिंग आणि १००० मिमी अंतर असेल तर १.५७ मिमी. एम१६ स्टडची पिच २ मिमी असेल तर नटाचा पाऊण फेऱ्याहून किंचित जास्त. पुढचं टोक उचललं की मागच्या माउंटच्याही मागे असलेला फ्लँज थोडा खाली जातो. माउंटपासून तो ३०० मिमी मागे असेल तर जवळजवळ अर्धा मिमी. म्हणून प्रत्येक बदलानंतर स्पिगट पुन्हा तपासावा लागतो.

३ आणि ९ च्या फटींतला फरक इंजिन आडवं सरकवून काढायचा. पायांच्या लांबट भोकांत जागा असते. जॅक स्क्रूने सरकवा, हातोड्याने नको. डाव्या-उजव्या नटांना एकाच वेळी सारखेच फेरे द्या, नाहीतर एक माउंट सगळा भार घेतं आणि शेजारचं मोकळं राहतं. लॉकनट आवळल्यावर फट पुन्हा मोजा, कारण आवळताना इंजिन हलतंच.

फ्लेक्सिबल कपलिंग असली तरी हे सगळं करायचं. रबरी चकती काढून किंवा तिच्या जागी तेवढ्याच जाडीची धातूची चकती घालून मोजा. ती कपलिंग धक्के आणि थोडी हालचाल सोसते. तिरपा शाफ्ट तिच्या भरवशावर सोडला तर चकतीच फाटते. थ्रस्ट बेअरिंग आणि सीव्ही जॉइंटची रचना मात्र वेगळी आहे: तिथे कोनाची मर्यादा उत्पादकाने दिलेली असते आणि तीच पाळायची.

जोडल्यानंतर

कपलिंगचे बोल्ट उत्पादकाच्या टॉर्कने, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा. शाफ्ट न्यूट्रलमध्ये हाताने फिरवून पाहा. फेरीत एखाद्या जागी जड लागत असेल तर पाण्यावर जाऊ नका. मग आधीच्याच टप्प्यांनी, त्याच जागी मोजत पुन्हा चाचणी घ्या. सील आणि गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. स्टफिंग बॉक्स (दोरीसारखं पॅकिंग भरलेलं सील) चालू असताना मिनिटाला काही थेंब गळू देतो, पण तो तापत असेल तर ग्लँड (पॅकिंग दाबणारा भाग) जास्त आवळला आहे किंवा शाफ्ट एका बाजूला घासतो आहे.

नवे माउंट बसवले असतील तर पहिल्या ५० तासांनी कपलिंग परत सोडून फट मोजा. या काळात नवं रबर बसतं, आणि ते पुढे-मागे सारखं बसत नाही.